चिनी ‘आतल्या’ युद्धकला: सगळं अडतं ते उभं राहण्यात

घोटीव (धागाकर्ता)

ताई ची, शिंग-यी आणि बागुआ या तीन कलांना चिनीत मिळून ‘नैज्या’ म्हणतात, म्हणजे आतलं घराणं. मराठीत यांच्याबद्दल वाचायला मिळतं ते दोनच टोकांचं. एक तर बागेतल्या आजी-आजोबांचा संथ व्यायाम, नाहीतर हात न लावता माणूस उडवणारी जादू. मधली रोजची तालीम कुणी लिहीत नाही, म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, चुका दाखवाव्यात.

सुरुवात झान झुआंगपासून करतो. शब्दशः ‘खांबासारखं उभं राहणं’. यिछुआन पद्धतीचे प्रवर्तक वांग श्यांगझाय (१८८५–१९६३) यांनी तर ठरावीक फॉर्म (हालचालींची ठरलेली मालिका) बाजूला सारून सगळी तालीम याच्याच भोवती बांधली.

पावलं खांद्यांइतकी लांब आणि समांतर. ‘समांतर’ डोळ्यांच्या अंदाजानं ठरवू नका, पावलाची बाहेरची कड फरशीच्या सांध्याला लावून बघा. बहुतेकांचे पंजे बाहेर फाकलेले निघतात. मग गुडघ्यांचं कुलूप काढायचं. डोकं जेमतेम तीन-चार सेंटीमीटर खाली यायला हवं. ही बैठक नाही. उंच स्टुलाच्या कडेला टेकायला निघालो आणि टेकायच्या आधी थांबलो, अशी कंबर. शेपटीचं हाड खाली लोंबतंय, माथा वर ओढलाय, हनुवटी किंचित आत, जीभ टाळूला, श्वास नाकानं. हात मोठा माठ कवेत घेतल्यासारखे गोल. मनगटं छातीच्या उंचीला, कोपरं त्याहून थोडी खाली, पण बरगड्यांना चिकटलेली नाहीत. काखेत लिंबू राहील एवढी फट. दोन्ही हातांच्या बोटांमध्ये दोन मुठींचं अंतर.

पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं. मग दर आठवड्याला दोन-दोन वाढवत वीसपर्यंत. वीसच्या पुढे जायची घाई नको. बिघडलेल्या ठेवणीत चाळीस मिनिटं उभं राहिलं तर ती बिघडलेली ठेवणच पक्की होते.

बिघाड साधारण दोन. पहिला खांद्यांचा. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला खांदे कानांकडे निघतात. ते खाली पाडायला गेलं की कोपरंही पडतात आणि माठ फुटतो. त्यापेक्षा श्वास सोडताना पाठीची पाती बाजूंना पसरू द्यायची आणि मनगटं जागची हलवायची नाहीत. खांदा आपोआप बसतो. चिनी शिकवणीत ‘छाती आत, पाठ वर’ म्हणतात ते एवढंच. कुबड काढणं नव्हे.

दुसरा बिघाड कमरेचा. हातांचं वजन पुढे गेलं की ते तोलायला धड मागे झुकतं, कमरेत खळगा पडतो आणि भार टाचांवर जातो. तपासायचं कसं? उभ्या ठेवणीतच पायांची बोटं उचलून बघा. बाकी शरीर जराही न हलता बोटं सहज वर आली, तर तुम्ही टाचांवर आहात. भार चवड्याच्या लगेच मागे, तळव्याच्या खळग्याच्या पुढच्या टोकाला हवा.

मांड्या थरथरल्या तर थरथरू द्या. गुडघ्यात कळ आली तर थांबा. गरगरलं, घाम सुटला तर बहुधा गुडघे ताठ झालेले असतात किंवा श्वास कोंडलेला असतो. लगेच हात सोडून चालायला लागा. रक्तदाब असलेल्यांनी हात नाभीच्या उंचीलाच धरावेत आणि आधी डॉक्टरांना विचारावं.

जुनी_वही

छान सुरुवात. ‘आतलं’ या शब्दाच्या जन्माबद्दल थोडं, कारण पुढे त्यावरूनच वाद होणार.

हा भेद लेखी सापडतो तो १६६९ सालच्या एका समाधिलेखात. हुआंग झोंगशी या विद्वानानं वांग झंगनान नावाच्या युद्धकलाकारासाठी तो लिहिला. त्यात शाओलिनला ‘बाहेरची’ आणि झांग सानफंग या ताओ साधूच्या नावावर सांगितलेल्या पद्धतीला ‘आतली’ म्हटलंय. हुआंग मिंग राजघराण्याचा निष्ठावान, आणि गादीवर तेव्हा बाहेरून आलेले मांचू. शाओलिनचा बौद्ध धर्मही चीनबाहेरून आलेला. त्यामुळे यात मांचूंना मारलेला टोला आहे, असं काही अभ्यासक मानतात.

गंमत अशी की त्या लेखात ताई ची नाही, शिंग-यी नाही, बागुआही नाही. या तिघींची मोट बांधली गेली एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बीजिंग आणि हबे प्रांताकडच्या शिक्षकांमध्ये. सुन लुथांग (१८६०–१९३३) यांनी तिन्ही शिकून त्यांवर पुस्तकं लिहिली, त्यातलं शिंग-यीवरचं १९१५ चं. १९२८ साली नानजिंगला सरकारी युद्धकला संस्था निघाली, तिथे सुरुवातीला शाओलिन (बाहेरची) आणि वूडांग (आतली) असे दोन विभागच केले होते. आपसातली चुरस इतकी वाढली की ते लवकरच मोडावे लागले.

ताई चीचा माग हनान प्रांतातल्या छन कुळाच्या गावापर्यंत, सतराव्या शतकातल्या छन वांगथिंगपर्यंत लागतो. युद्धकलेचे इतिहासकार थांग हाओ यांनी १९३० च्या दशकात प्रत्यक्ष गावात जाऊन कागदपत्रं चाळली आणि झांग सानफंगनं ताई ची घडवल्याची कथा निकालात काढली. तेव्हा ‘हजारो वर्षांची परंपरा’ हे पुस्तकाच्या मलपृष्ठावरच शोभतं.

तिरपा_पाट

इतिहास ठीक. पण कुस्तीतही ताकद पायातून येते आणि सगळं अंग एकत्र लागतं. मग यांचं ‘आतलं’ वेगळं ते काय? की नाव मोठं, लक्षण खोटं?

घोटीव

@तिरपा_पाट, चांगला पैलवान हे सगळं करतोच. फरक शिकवण्याच्या क्रमात आहे. कुस्तीत जोर, बैठका, लढत यांतून हळूहळू अंग एकत्र यायला लागतं. इथे आधी वेग आणि ताकद दोन्ही काढून घेतात, सांधा न् सांधा वेगळा तपासतात आणि मग वेग परत देतात. नियम साधा आहे: खांदा आणि खुबा, कोपर आणि गुडघा, हात आणि पाऊल एकत्र निघाले पाहिजेत, एकत्र थांबले पाहिजेत. या तीन बाहेरच्या जुळण्या. मन-इच्छा, इच्छा-प्राण, प्राण-बळ या तीन आतल्या. मिळून ‘सहा जुळण्या’.

यातला सगळ्यात जास्त गैरसमज झालेला शब्द म्हणजे ‘सुंग’. रोमन स्पेलिंग वाचून आपले लोक त्याला ‘सोंग’ म्हणतात, आणि नुसते हात लुळे सोडले तर ते खरोखरच सोंग होतं. सुंग म्हणजे ढिलेपणा नव्हे. ठेवण टिकवायला जेवढे स्नायू लागतात तेवढेच कामाला, बाकीचे सुट्टीवर. तपासणी सोपी आहे. जोडीदारानं तुमच्या मनगटाखाली हात धरून तुमच्या हाताचं वजन झेलायचं आणि न सांगता हात काढून घ्यायचा. तुमचा हात हवेत तसाच राहिला, तर तो आधीपासून ताणलेला होता. दगडासारखा पडला आणि धडही सोबत कलंडलं, तर तो लुळा होता. हात पडावा, धड जागेवर राहावं.

कोरा_चहा

ताई चीच्या चोवीस प्रकारांच्या फॉर्ममध्ये गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखण्याची तक्रार खूप ऐकू येते. खाली कमी वाकलं तरी जात नाही. कारण काय असावं?

सांधेजोड

@कोरा_चहा, खोली हे कारण बहुतेक वेळा दुय्यम असतं. खरं कारण पीळ.

गुडघा बिजागरीसारखा आहे. वाकलेला असताना थोडा फिरतो, पण फिरणं हे त्याचं काम नाही, ते खुब्याचं. चोवीस प्रकारांचा फॉर्म (१९५६ साली चिनी क्रीडा खात्यानं यांग शैलीतून आखलेला, साधारण पाच-सहा मिनिटांचा) पुढे पुढे चालत होतो. त्यातल्या ‘गुडघा झाडून पुढे जाणं’ या हालचालीत पुढचं पाऊल साधारण ४५ अंश बाहेर वळवून त्यावर भार टाकायचा असतो. चुकीचा क्रम असा: आधी भार टाकला, पाऊल जमिनीला चिकटलं, मग कंबर वळवली. वरून धड फिरतंय, खालून पाऊल खिळलंय, मधला पीळ गुडघ्यानं सोसायचा. बरोबर क्रम: भार किंचित मागे, पुढचा चवडा उचलला, खुब्यातून पाय वळवला, पाऊल टेकलं, मग भार. आणि कोणत्याही क्षणी गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेलाच.

दुसरी चूक रुंदीची. धनुष्य पवित्र्यात (पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताणलेला) दोन टाचा एकाच रेषेत आल्या की माणूस डोंबाऱ्यासारखा तारेवर उभा. तोल सावरायला गुडघा आत कोसळतो. दोन टाचांमध्ये आडवं अंतर १० ते ३० सेंटीमीटर ठेवा. खडूनं दोन रेघा मारून त्यांवर टाचा ठेवत चाला. गच्चीवर कुणी हसलं तर हसू द्या.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘ख्वा’. इंग्रजी पुस्तकांत यावर पानंच्या पानं खर्ची पडतात, आपल्याकडे नेमका शब्द आहे: जांघ. पाय आणि ओटीपोट यांच्यामधली घडी. दोन्ही हातांची बोटं त्या घडीत ठेवा, पावलं खांद्यांपेक्षा थोडी जास्त लांब, आणि भार डावीकडून उजवीकडे न्या. ज्या बाजूला भार जातो तिथली घडी खोल होऊन बोटं आत घेतली जायला हवीत. घडी पडायच्या ऐवजी ढुंगण बाजूला निघत असेल किंवा पट्ट्याचं बक्कल तिरकं होत असेल, तर खुबा मिटत नाहीये आणि भार गुडघ्यावर सांडतोय. हे रोज दहा मिनिटं करा. महिनाभर फॉर्म नाही केला तरी बिघडत नाही.

दुखणं सूज घेऊन येत असेल किंवा गुडघा अडकत असेल तर इथे विचारू नका, अस्थितज्ज्ञांकडे जा.

कोरा_चहा

भार टाकायच्या आधी पाऊल वळवायचं! व्हिडिओत हा भाग इतका झटकन जातो की लक्षातच येत नाही. धन्यवाद.

पाचमूठ

शिंग-यीची बाजू मांडतो. इथे झान झुआंगची जागा ‘सानथी’ घेते. पुढचं पाऊल सरळ, मागचं सुमारे ४५ अंश बाहेर. पुढचा हात समोर, तर्जनीचं टोक नाकाच्या उंचीला, मागचा हात नाभीपाशी. नाकाचं टोक, बोटाचं टोक, पुढच्या पावलाचं टोक एका उभ्या पातळीत. भार मागे जास्त: काही शाखा ६०-४० सांगतात, काही ७०-३०.

हे प्रमाण अंगाला कळत नाही, काट्याला कळतं. घरचे वजनकाटे दोन आणा (एक शेजाऱ्यांचा), एकेका पावलाखाली एक ठेवा. वजन ७० किलो असेल तर ७०-३० म्हणजे मागे ४९, पुढे २१. पहिल्यांदा उभे राहणारे हमखास ३५-३५ च्या आसपास निघतात आणि त्यांना वाटत असतं की सगळं मागेच आहे. दोन पावलांमधल्या लांबीची कसोटी वेगळी: धड न हलवता पुढचं पाऊल उचलता आलं पाहिजे. उचलताना मागे रेलावं लागलं तर पवित्रा लांब झाला.

मग पाच मुठी: फी म्हणजे फोडणं (धातू), झुआन म्हणजे गिरमिटासारखं भेदणं (पाणी), बंग म्हणजे ठोसणं (लाकूड), फाव म्हणजे तोफ (अग्नी), हंग म्हणजे आडवं (माती). धातूतून पाणी, पाण्यातून लाकूड हा पंचतत्त्वांचा जननक्रम. शिकणाऱ्यानं त्यात तत्त्वज्ञान नंतर शोधावं, आधी फी-छुआन (छुआन म्हणजे मूठ) करावी. मूठ नाभीतून मध्यरेषेनं तोंडाच्या उंचीपर्यंत चढते, दुसरा हात तिच्या कोपरापासून मनगटावरून घासत पुढे जातो आणि वरून खाली फोडतो. हाताचं पोहोचणं आणि पुढच्या पावलाचं टेकणं एकाच आवाजात व्हायला हवं. मोबाईलवर चित्रण करून संथ गतीनं बघा. बहुतेकांचं पाऊल आधी टेकतं आणि हात मागून येतो. मधल्या वेळात अंगाचं वजन जमिनीत जिरून गेलेलं असतं, फटक्यात उरतो तो फक्त दंड.

शंभर मीटर जाणं, शंभर मीटर येणं, एकच मूठ. कंटाळवाणं आहे. शिंग-यीचे गुओ युनशन अर्ध्या पावलाच्या बंग-छुआननं सगळ्यांना हरवायचे ही आख्यायिका खरी असो-नसो, ती टिकली ती याच कंटाळ्याच्या बाजूनं बोलते म्हणून.

वर्तुळ

बागुआबद्दल कुणी लिहीना म्हणून मीच. दोंग हायछुआन (मृत्यू १८८२) यांनी बीजिंगमध्ये शिकवलेली ही कला मुख्यतः वर्तुळावर चालण्याची. खडूनं वर्तुळ काढा. साधारण आठ पावलांत एक फेरी पडावी. आतलं पाऊल जवळजवळ सरळ, बाहेरचं किंचित आत वळवून. वळण त्या बाहेरच्या पावलानं मिळतं. पाऊल जमिनीलगत सपाट सरकतं आणि सपाटच टेकतं, टाच आधी नाही. ‘चिखल तुडवणं’ असं या चालीचं नाव आहे. भातखाचरात रोप लावायला उतरलेल्या माणसाला ती सांगावी लागणार नाही. घोटे एकमेकांना जवळजवळ घासून जातात, डोक्याची उंची बदलत नाही.

चक्कर येते ती नजर भिरभिरल्यामुळे. पुढच्या हाताच्या अंगठा-तर्जनीच्या बेचक्यातून वर्तुळाच्या मध्याकडे पाहायचं. तरी आलीच तर बाजू बदला. बाजू बदलताना बाहेरचं पाऊल आत वळवून दोन्ही पंजे चिनी आठच्या आकड्यासारखे (八) समोरासमोर येतात, त्याला ‘खौ’ म्हणतात. मग दुसरं पाऊल बाहेर उघडतं, ते ‘बाय’. पहिले सहा महिने हात खालीच ठेवून चाला. तळहात फिरवायची हौस नंतर.

पावशेर

माझ्या आयडीचं कारण सांगायची संधी आलीच. पुश-हँड्सच्या (जोडीदाराच्या हाताला हात लावून करायचा ताई चीचा सराव) जुन्या गीतात ‘चार ल्यांगनी हजार जिन वळवणं’ असं वचन आहे. जुन्या मापात १६ ल्यांगचा एक जिन, जसा आपल्याकडे १६ छटाकांचा शेर. म्हणजे चार ल्यांग म्हणजे पाव जिन, आपल्या भाषेत पावशेरच! जुना जिन सुमारे ६०० ग्रॅमचा धरला तर दीडशे ग्रॅमनं सहाशे किलो. (आजचा जिन ५०० ग्रॅमचा आणि १० ल्यांगचा, त्यामुळे नव्या मापानं हिशेब चुकतो.)

पण वचन ‘वळवणं’ म्हणतं, ‘अडवणं’ नाही, हे लोक विसरतात. एका हाताच्या पुश-हँड्समध्ये मनगटाला मनगट लावायचं आणि आडवं वर्तुळ काढायचं. दाब किती? आंबा पिकलाय का बघताना बोटानं जेवढा देतो तेवढा. तो पूर्ण वर्तुळभर सारखा राहायला हवा. चार दोष सांगितलेत. दिंग: समोरच्याच्या रेषेतच भिडून राहणं. खांग: त्याही पुढे जाऊन ढकलाढकलीवर उतरणं. ब्यान: आपला हात छातीपर्यंत चेपला जाणं. दियू: संपर्क सुटणं. नवखा दिंग टाळायला जातो आणि ब्यानमध्ये पडतो. उपाय हात मऊ करण्यात नाही. हाताचा गोल, म्हणजे ‘फंग’, तसाच ठेवून कंबर वळवायची. घोटीवरावांच्या माठाचा उपयोग इथे होतो: माठ चेपत नाही, फिरतो.

जाता जाता: ‘दुहेरी भार’ हा दोष म्हणजे दोन्ही पायांवर समान वजन, असा अर्थ सर्रास सांगतात. मला पटत नाही. फॉर्मची सुरुवात आणि शेवटच समभार असतो. स्पर्शाच्या जागी बळाला बळ भिडलं आणि सरकायला रिकामी बाजूच उरली नाही, तो खरा दुहेरी भार.

जुनी_वही

@पावशेर, शेवटच्या मुद्द्यावर असहमत. यांग छंगफू (१८८३–१९३६) यांच्या दहा मुद्द्यांत भरीव-पोकळ वेगळं करा असं आहे आणि तिथे स्पष्टीकरण पायांच्याच भाराचं आहे.

पावशेर

मान्य, पाय हे त्याचं पहिलं शिक्षण. पण तेवढ्यावर थांबलं तर घोड्याच्या पवित्र्याचं (त्यात दोन्ही पायांवर सारखाच भार) काय करायचं?

तिरपा_पाट

आता मूळ प्रश्न. ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती वगैरे मानायचं का? २०१७ साली चेंगदूत ताई ची शिक्षकाला एका मिश्र युद्धकलावाल्यानं अर्ध्या मिनिटाच्या आत लोळवलं होतं, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय.

घोटीव

पाहिलाय. त्यात हरली ती लढतीचा सराव न करताच लढता येईल ही खात्री. पुश-हँड्स म्हणजे लढत नव्हे. त्यात अंतर आधीच मिटलेलं असतं, ठोसा नसतो, संपर्क दिलेला असतो. खऱ्या लढतीत तो संपर्क मिळवावा लागतो, आणि ते मुक्त लढतीच्या सरावाशिवाय येत नाही. १९५४ च्या जानेवारीत मकाऊला ताई चीच्या वू शैलीचे वू गोंगयी आणि श्वेत बगळा शैलीचे छन खफू यांची जाहीर लढत झाली, कुणालाच विजयी न ठरवता थांबवली गेली. तेव्हाही बघ्यांना गीतातली ताई ची दिसली नव्हती, दिसली ती दोन माणसांची झटापट.

‘ची’बद्दल: तालमीत हा शब्द सूचना म्हणून वापरतात. ‘ची ओटीपोटात उतरव’ म्हटलं की शिकणाऱ्याचा श्वास छातीतून खाली येतो, खांदे बसतात, पोटाच्या भिंतीत सगळीकडून सारखा दाब येतो. या तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या तर तो तीनही बिघडवतो. एका शब्दानं जमतात म्हणून शब्द टिकला. शिक्षकाच्या ‘ची’नं फक्त त्याचेच शिष्य उडत असतील, तर शिष्य बदलून बघा.

सांधेजोड

+१. आणि तळहात गरम होणं, मुंग्या येणं ही ‘ची’ जागी झाल्याची खूण नाही. मुंग्या बऱ्याचदा कोपर जास्त वाकल्यानं किंवा मान पुढे आल्यानं येतात. करंगळी बधिर होत असेल तर हात खाली घ्या, कोपराचा कोन मोठा करा.

कोरा_चहा

रोज चाळीस मिनिटं असतील तर वाटणी कशी करावी? आणि बूट की अनवाणी?

पाचमूठ

पाच मिनिटं सांधे मोकळे करणं, पंधरा उभं राहणं, पंधरा एकच हालचाल (एकच!), पाच मिनिटं सावकाश चालणं. फॉर्म आठवड्यातून दोनदा. जेवणानंतर तासभर नको.

वर्तुळ

बूट सपाट, पातळ तळव्याचे. धावण्याच्या बुटाची टाच उंच असते, त्यामुळे भार कुठे आहे ते कळत नाही आणि वळताना रबर पकडून ठेवतं, म्हणजे पुन्हा गुडघ्याला पीळ. सांधेजोड यांनी वर लिहिलंय तोच. पावसाळ्यात ओल्या शहाबादी फरशीवर वर्तुळ चालू नका. अनवाणी चालेल, पण उन्हात तापलेल्या गच्चीवर नाही. तळवा भाजायला लागला की माणूस बोटं आखडतो आणि सगळा भार टाचांवर जातो.